क्रांती कपाटात आहे, किल्ली कार्यवाहांकडे

जहाल राजकीय पुस्तकाचा शोध तालुक्याच्या ग्रंथालयात साधारणपणे संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो आणि सहाच्या आत पहिल्यांदा संपतो. देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या ग्रंथपालांना शोधक हलक्या आवाजात विचारतो, ‘‘काका, जरा वेगळ्या विचारांचं काही आहे का?’’ काका चष्म्यावरून पाहतात आणि म्हणतात, ‘‘वरच्या फळीवर, ज्योतिषाच्या शेजारी.’’ तिथे संमोहन, निसर्गोपचार आणि झोपेत श्रीमंत होण्याचे उपाय सांगणारी भाषांतरे असतात. प्रश्न स्पष्ट विचारायला हवा होता हे शोधकाला कळते. पण वर्तमानपत्र वाचत बसलेल्या निवृत्त फौजदारांसमोर ‘वर्गसंघर्ष’ हा शब्द मोठ्याने उच्चारायला वेगळे धैर्य लागते. ते धैर्य पुस्तक वाचून येते अशी त्याची समजूत असते, आणि पुस्तक तर अजून मिळायचे असते.

ग्रंथपालांचा यात दोष नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे. त्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि ते ठरवताना पुस्तकांची, सभासदांची, नियतकालिकांची संख्या बघितली जाते. तपासणीला आलेले अधिकारी पुस्तके मोजतात; आत काय लिहिले आहे याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नसतो. त्यामुळे मार्क्सचे ‘भांडवल’ आणि ‘सुलभ शिवणकाम’ एकाच मापाने दाखल नोंदवहीत चढतात आणि दोघांच्याही सतराव्या पानावर ग्रंथालयाचा गोल शिक्का बसतो. नोंदवहीत एकदा चढलेले पुस्तक रीतसर निर्लेखन होईपर्यंत अमर असते. ते फळीवरही असावे ही शोधकाची अपेक्षा मात्र थोडी बाळबोध म्हणावी लागेल. ‘‘आहे ना, रेकॉर्डला आहे,’’ हे ग्रंथपालांचे उत्तर सत्याला धरून असते, आणि त्यावर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही.

फळीवरच्या शोधाला ड्युई दशांश वर्गीकरणाचा आधार आहे. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने ते १८७६ साली प्रसिद्ध केले आणि सगळ्या ज्ञानाला शून्यापासून नऊशे नव्याण्णवपर्यंत घरक्रमांक दिले. यातला ३३० चा मोहल्ला महाराष्ट्रातल्या वाचकाने मुद्दाम पायी फिरून पाहावा. ३३२ ला बँका, शेअर बाजार आणि पैसा राहतो. ३३५ ला समाजवाद, त्यातच ३३५.४ वर मार्क्स आणि ३३५.८३ वर अराजकवादी, ज्यांना मुळात क्रमांक देण्याचीच पद्धत मान्य नसावी. आता ३३२ वरून निघून ३३५ ला जायचे तर वाटेत दोन थांबे लागतात: ३३३ ला जमीन आणि ३३४ ला सहकार. इथले बहुतेक प्रवासी ३३४ ला उतरतात. तिथे साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँकेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका एकीला एक खेटून उभ्या असतात, संचालक मंडळाचे फोटो असतात, चहाही मिळतो. पुढे जाण्याची निकड राहत नाही. जे कोणी नेटाने ३३५ ओलांडतात त्यांना पुढच्याच फळीवर ३३६ लागतो. तो विभाग करांचा आहे. ड्युईला महाराष्ट्राची काही माहिती असण्याचे कारण नव्हते, त्यामुळे हा निव्वळ योगायोग समजावा.

घरक्रमांक देणारा माणूस पुस्तक वाचून तो देतो, असेही नाही. बहुधा तो अर्धवेळ काम करणारा, कमी पगारावरचा आणि पुढच्या आठवड्यात तपासणी असलेला माणूस असतो. त्याच्यापुढे शीर्षक असते आणि ते पुरेसे असते. म्हणून ‘शेतकऱ्याचा असूड’ हा जोतीराव फुल्यांचा ग्रंथ ठिबक सिंचन आणि शेळीपालन यांच्या मधोमध सापडतो. दलित पँथरवरचे पुस्तक वन्यजीव विभागात बिबट्यांच्या सोबतीला असते. गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका, शेवटी प्रश्नचिन्ह दिसल्यामुळे, सामान्यज्ञानाच्या प्रश्नसंचांत मिसळते. ‘भांडवल’ गृहउद्योगांच्या कप्प्यात उभे असते आणि मसाला कांडप केंद्र काढू पाहणारे एखादे गृहस्थ ते घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणतात. ‘‘यात कर्जाचं काहीच नाही हो,’’ एवढाच त्यांचा अभिप्राय असतो.

शीर्षकावरून पुस्तक ओळखण्याची ही सवय ग्रंथालयापुरती नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका जामीनअर्जाच्या सुनावणीत ‘वॉर अँड पीस’ हे पुस्तक घरात का ठेवले, असा प्रश्न निघाल्याच्या बातम्या आल्या, आणि देशभर लोक टॉलस्टॉयच्या पाठीशी उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी न्यायालयात खुलासा झाला की प्रश्न जंगलमहालातल्या माओवादी चळवळीवरच्या, याच शब्दांनी सुरू होणाऱ्या एका निराळ्या पुस्तकाबद्दल होता. मधल्या काळात अनेकांनी घरातला टॉलस्टॉय कपाटातून काढून त्याच्यासोबत फोटो काढले होते. त्यानिमित्ताने त्यावरची धूळ झटकली गेली, हा त्या प्रकरणातला वाङ्मयीन लाभ.

पूर्वी हा गोंधळ मुद्दाम आणि मोठ्या कष्टाने करावा लागे. विनायक दामोदर सावरकरांच्या १८५७ वरच्या ग्रंथावर तो छापून होण्याआधीच सरकारने बंदी घातली. १९०९ साली त्याची इंग्रजी आवृत्ती हॉलंडमध्ये छापण्यात आली आणि ‘पिकविक पेपर्स’सारख्या निरुपद्रवी पुस्तकांची वेष्टने चढवून प्रती हिंदुस्थानात पाठवल्या, असे चरित्रकार सांगतात. ग्रंथ भलत्याच नावाखाली दडवायला तेव्हा दोन-तीन देशांत माणसे पेरावी लागली. आजचे तालुका ग्रंथालय तेच काम एका लिपिकावर भागवते.

फळीवर काही मिळाले नाही की शोधक मदतीसाठी आजूबाजूला पाहतो. ग्रंथालयाच्या खुर्च्या भरलेल्या असतात. पण त्या अभ्यासिकेच्या, आणि तिथे बसलेली मुले स्पर्धा परीक्षेची. त्यांच्यासमोर स्वतःच आणलेली गाइडे, पाण्याची बाटली आणि कानांत बोळे असतात. जहाल ग्रंथांविषयी त्यांच्याइतकी अचूक माहिती गावात दुसऱ्या कोणाकडे नसते.

‘‘दादा, ‘गुलामगिरी’ कुठे मिळेल?’’

‘‘१८७३.’’

‘‘ते साल झालं. पुस्तक कुठे आहे?’’

‘‘अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना. गुलामांची मुक्तता केल्याबद्दल.’’

‘‘हो, पण पुस्तक...’’

‘‘सर, पर्याय सांगा ना.’’

‘गुलामगिरी’ १८७३ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ या दोन सालांची अदलाबदल झाली तर पाव गुण वजा होतो. ग्रंथ न वाचल्याबद्दल काहीच वजा होत नाही.

ज्या ग्रंथालयात जहाल पुस्तके खरोखर आणि भरपूर असतात तिथे ती एका स्वतंत्र लोखंडी कपाटात असतात. हे कपाट देणगीतून आलेले असते. गावात आयुष्यभर मोर्चे काढलेले एखादे कॉम्रेड गुरुजी वारतात. त्यांच्या खोलीत मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची पुस्तके निघतात. गुळगुळीत कागद, भक्कम पुठ्ठ्याची बांधणी आणि चहा-भज्यांच्या भावात बसणारी किंमत, असा तो माल सोव्हिएत संघ असेपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, सगळीकडे मिळत असे. लेनिनचे एकट्याचे इंग्रजीतले समग्र वाङ्मय ४५ खंडांचे आहे. गुरुजींचा मुलगा ते आधी रद्दीवाल्याला दाखवतो. रद्दीवाला वजनकाट्यावर पहिला खंड ठेवून म्हणतो, ‘‘पुठ्ठा फाडून द्यावा लागेल. पुठ्ठ्याचा भाव वेगळा, कागदाचा वेगळा.’’ पंचेचाळीस खंडांचे पुठ्ठे फाडण्याचे श्रम कोणी करायचे यावर बोलणी फिसकटतात आणि पुस्तके ग्रंथालयाला सप्रेम भेट मिळतात.

त्यानंतर छोटा समारंभ होतो. कपाटावर गुरुजींचे नाव पिवळ्या रंगात लिहिले जाते, तसबिरीला हार घातला जातो, प्रमुख पाहुणे (साखर कारखान्याचे माजी उपाध्यक्ष) ‘‘गुरुजींचे विचार तळागाळापर्यंत पोहोचले पाहिजेत’’ असे म्हणतात आणि कपाटाला कुलूप लागते. किल्ली कार्यवाहांकडे असते. कार्यवाह वार्षिक सभेला येतात. एरवी ते मुलीकडे पुण्याला असतात, आणि पुण्यात नसतात तेव्हा किल्ली पुण्यात असते. काचेतून मात्र सगळे स्वच्छ दिसते. शोधक गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, पुस्तकांच्या कण्यावरची नावे एकेक करून वाचतो. या आसनात बरेच राजकीय शिक्षण होऊ शकते.

‘‘फोन करून विचारता का कार्यवाहांना?’’

‘‘करतो की. पण तुम्हाला नक्की कुठलं पाहिजे ते लिहून द्या. उगाच सगळं उघडायला नको, वाळवीचं औषध मारलंय.’’

काही पुस्तकांच्या बाबतीत कुलपाची गरजच उरत नाही, कारण ती कोणीतरी घरी नेलेली असतात. पुस्तक शत्रूने पळवले असेल असा शोधकाचा पहिला संशय असतो. देवघेवीच्या कार्डावर पाहिले तर शेवटचे नाव चळवळीतल्याच कोणाचे तरी असते. हाताने लिहिलेली तारीख पुसट झालेली, शाई निळ्याची जांभळी झालेली, आणि सभासद आता दुसऱ्या जिल्ह्यात प्राध्यापक. खासगी मालमत्तेच्या विरोधातला ग्रंथ या वाटेने खासगी मालमत्ता होतो. फोन केला तर ते प्राध्यापक ओळख देतात, पुस्तकाचे कौतुक करतात, ते वाचायलाच हवे असे दोनदा सांगतात आणि आपल्याकडून ते कोणीतरी नेल्याचे कळवतात. अमेरिकेत ॲबी हॉफमनने १९७१ साली ‘हे पुस्तक चोरा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे इंग्रजी पुस्तक काढले आणि अनेक दुकानदारांनी ते ठेवायलाच नकार दिला. मराठी प्रकाशकाला असे काही शीर्षकात सांगावे लागत नाही.

जहाल पुस्तक सांभाळून ठेवण्यात सर्वांत चोख कामगिरी पोलिसांची आहे. इंग्रज सरकारने १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याखाली आणि त्याच्या पुढेमागे जी पुस्तके, पत्रके, पोवाडे, भजने जप्त केली, त्यांच्या प्रती इमानाने लंडनला पाठवल्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत क्रमांक घालून, पेट्यांत भरून, थंड कोरड्या हवेत ठेवलेल्या आहेत आणि त्यांची छापील सूची आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही असाच जप्त साहित्याचा संग्रह आहे. १९२९ च्या मेरठ कटाच्या खटल्यात कम्युनिस्टांच्या घरांतून गोळा केलेल्या पुस्तकांचे आणि पत्रांचे ढीग पुरावा म्हणून क्रमवार मांडले गेले. त्या काळी कोण काय वाचत होते हे अभ्यासकांना त्यावरून नेमके कळते. उलट ज्यांच्या वाटेला कोणी गेले नाही त्यांची गत पाहावी. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले: ५०० प्रती, किंमत ९ आणे. पुरुषांची त्यात जी काढली आहे ती आजही कानाला झोंबते. सरकारला त्याचे काही वाटले नाही, जप्ती आली नाही, आणि पुस्तक जे गडप झाले ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापेपर्यंत. एखाद्या फौजदाराने तेव्हा लक्ष घातले असते तर एवढा खोळंबा झाला नसता.

खासगी संग्राहकही या क्षेत्रात होऊन गेले. श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ साली, विशी ओलांडताच, ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. ती मुंबईच्या रणछोडदास भवान लोटवाला यांच्या वाचनात आली. लोटवालांची पिठाची गिरणी होती. गिरणीमालकाने ही पुस्तिका वाचून लेखकाला पोलिसांच्या ताब्यात द्यावे अशी रीत; यांनी त्याला पैसे दिले आणि विलायतेहून मार्क्सवादी पुस्तके मागवून ग्रंथसंग्रह उभा केला. पुढे लोटवालांची मते बदलली. ते आधी अराजकवादाकडे वळले, नंतर खुल्या बाजाराचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते झाले, आणि त्याही विचारांसाठी त्यांनी संस्था, ग्रंथालय, नियतकालिक असा सगळा संसार मांडला. मुंबईतल्या डाव्यांना एका काळी आणि डाव्यांच्या विरोधकांना दुसऱ्या काळी लागणारी पुस्तके एकाच माणसाच्या पिठावर आली. वर्गीकरणकारांनी यासाठी अजून क्रमांक काढलेला नाही.

स्वतंत्र भारतात जहाल ग्रंथांचे सर्वांत मोठे प्रकाशक महाराष्ट्र शासन आहे. फुल्यांचे समग्र वाङ्मय शासनानेच काढले, आणि १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड येऊ लागले. किंमत अशी की हातगाडीवरचे पोहे महाग वाटावेत. अडचण एकच असते.

‘‘खंड चौथा मिळेल का?’’

‘‘संपलाय.’’

‘‘परत कधी येईल?’’

‘‘छपाईला गेलाय.’’

‘‘कधी गेला?’’

‘‘मी इथं जॉइन व्हायच्या आधी.’’

२०२१ साली या खंडांची छपाई रखडल्याची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून याचिका दाखल करून घेतली, यावरून हे संभाषण एकाच खिडकीवर होत नसावे असे दिसते. ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ हे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली ऐकून घ्यायला नकार दिला, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापले आणि दीड हजार प्रती दोन महिन्यांत खपल्या. त्यांच्यापाशी तेव्हा शासकीय मुद्रणालय नव्हते.

खरे तर या प्रकारची पुस्तके न शोधता मिळण्याची जागा महाराष्ट्रात आहे आणि ती सर्वांना माहीत आहे. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगाच रांगा लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून घरची भाकरी बांधून आलेले लोक पुस्तकांनी पिशव्या भरून नेतात. जे पुस्तक तालुक्याला रेकॉर्डला आहे आणि पुण्यात किल्लीसोबत आहे, ते इथे ताडपत्रीवर ढिगाने पडलेले असते. ग्रंथालयातला शोधक मात्र इथे क्वचितच दिसतो. त्या दिवशी दादरला फार गर्दी असते म्हणून तो घरीच बसून इंटरनेटवर शोधतो. आलाच, तर ‘‘जरा वेगळ्या विचारांचं काही आहे का?’’ हा त्याचा हलक्या आवाजातला प्रश्न विक्रेत्याला भोंग्यांच्या आवाजात ऐकू येत नाही.

इंटरनेटवरच्या शोधात गर्दीचा त्रास नसतो. पहिला अनुभव खरेदीच्या संकेतस्थळावर येतो. इंग्रजी अक्षरांत लेनिन टंकले की सुती-तागी कापडाचे उन्हाळी शर्ट समोर येतात. यंत्राला ‘लिनन’ म्हणायचे आहे असे वाटलेले असते. त्यानंतर महिनाभर प्रत्येक बातमीच्या कडेला शर्टच येतात. शोधक मोफत प्रतींकडे वळतो.

मोफत प्रतींचा मोठा साठा डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पातून आला. देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो जुनी पुस्तके त्यात स्कॅन झाली. ते संकेतस्थळ पुढे बंद पडले, पण पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर गेली आणि आजही आहेत. ती सापडण्यासाठी ज्या कर्मचाऱ्याने नावे टंकली त्याच्या मनात शिरावे लागते. देवनागरी नावे त्या वेळी एका खास रोमन पद्धतीने लिहिली गेली. तीत प्रत्येक दीर्घ ‘आ’ला दोन ए, ‘ष’ला एस-एच-एच, आणि ‘ट’ला टी लिहून पुढे एक अवतरणचिन्ह. ‘महाराष्ट्र’ हा एक शब्द लिहायला पंधरा कळा दाबाव्या लागतात आणि त्यातले अवतरणचिन्ह विसरले तर राज्य नाहीसे होते. ग्रंथालयात संकोचामुळे ‘क्रांती’ शब्द न उच्चारणारा शोधक इथे तो सात प्रकारे लिहून बघतो. सातव्या प्रकाराला ‘संक्रांतीचे हळदीकुंकू: उखाणे’ मिळते.

पुस्तक मिळालेच तर त्यात पहिल्यांदा अंगठा दिसतो. स्कॅन करणाऱ्याचा हा डावा अंगठा दर काही पानांनी खालच्या कोपऱ्यात उगवतो आणि नेमका निष्कर्षाच्या ओळीवर विसावतो. संपूर्ण प्रकल्पात कष्टकऱ्याचा हात इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. पाने ४८ ते ६३ दोनदा असतात, ६४ ते ७९ मुळीच नसतात. सरकारी संस्थांनी आपल्या संकेतस्थळांवर ठेवलेल्या प्रती तुलनेने स्वच्छ असतात, पण त्यांतल्या बऱ्याच युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत घडवलेल्या. डोळ्यांना ‘समता’ दिसते. शोधपट्टीत ‘समता’ घातले तर अख्ख्या ग्रंथात ती कुठेही नाही असा निर्वाळा मिळतो. ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली तर दोन टक्केचिन्हे, उलटे कंस आणि मधोमध एक डॉलर उमटतो.

एवढ्यानेही न थकलेला शोधक जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची उघडतो. साठच्या दशकात आपल्याच जिल्ह्यात छापलेली, अमेरिकी साम्राज्यवादाचा समाचार घेणारी पुस्तिका तिथे निघते. सर्वांत जवळची प्रत: शिकागो. अंतर आठ हजार मैलांच्या आसपास. याचे कारण गहू आहे. अमेरिकेच्या १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली भारतात आलेल्या धान्याचे पैसे रुपयांत जमा होत आणि ते रुपये इथेच खर्चावे लागत. १९६२ पासून त्यातल्या काहींची पुस्तके घेण्यात आली. दिल्लीतले लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कार्यालय भारतीय भाषांत जे जे छापले जाईल ते अनेक प्रतींत विकत घेई आणि अमेरिकी विद्यापीठांना पाठवी. रेशनच्या रांगेत लाल गव्हाला नावे ठेवणाऱ्या कार्यकर्त्याने लिहिलेली पुस्तिका त्याच गव्हाच्या पैशातून, रोख किमतीला, अमेरिकी सरकारने घेतली. लेखकाला एवढा खप गावात मिळाला नव्हता. आता ती उणे वीस अंशांतही उबदार राहणाऱ्या इमारतीत आहे, आणि शोधकाचा भाचा योगायोगाने त्याच शहरात नोकरीला.

‘‘अरे, जरा जाऊन फोटो काढून पाठव ना पानांचे.’’

‘‘मामा, इथे विकेंडला बेबी शॉवर आहे. पुढच्या आठवड्यात बघतो. आणि बाय द वे, हे आपल्या व्हिसाला वगैरे...’’

‘‘अरे, तुमच्याच सरकारने विकत घेतलंय ते!’’

जहाल वाङ्मयाच्या खास संग्रहांनाही स्वकीयांचाच उपद्रव अधिक झालेला दिसतो. मार्क्स आणि एंगेल्स यांचे इंग्रजी समग्र वाङ्मय ५० खंडांचे आहे आणि त्यातला बराच भाग मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्हवर कोणालाही फुकट वाचायला मिळत असे. २०१४ साली लॉरेन्स अँड विशार्ट या लंडनच्या डाव्या प्रकाशनसंस्थेने स्वामित्वहक्काकडे बोट दाखवून तो काढायला सांगितला. मुदत ३० एप्रिलची होती. त्यामुळे जगभरचे कामगार १ मे रोजी उठून पाहतात तो मार्क्स जागेवर नाही. भारतात हा प्रश्न सोपा आहे: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून बाबासाहेबांचे लेखन २०१७ च्या आरंभी सर्वांसाठी मोकळे झाले. तेव्हापासून ते मोबाइलवरच्या गटांतून मुक्तपणे फिरते. फायलीचे नाव बहुधा ‘नवीन डॉक्युमेंट ७’ असते आणि तिच्या आगे-मागे शुभ सकाळ असते. गटातला प्रत्येक जण ती उतरवून घेतो, दोन्ही हात जोडतो आणि पुढच्या गटात पाठवतो. या साखळीत ती फाइल उघडण्याचे काम कोणाकडे आहे हे ठरलेले नसते.

यथावकाश कार्यवाह पुण्याहून येतात, कुलूप उघडते आणि वाळवीच्या औषधाच्या वासासकट ‘भांडवल’चा पहिला खंड शोधकाच्या हातात पडतो. घरी त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले जाते. बंदी कसलीच नसते, पण सासरे आलेले असतात. आत मागच्या वाचकांच्या खुणा असतात आणि त्या ग्रंथाइतक्याच उद्बोधक आहेत. लाल पेन्सिलीने घातलेल्या अधोरेषा पहिल्या प्रकरणात जोरात धावतात आणि वीस वार कापड बरोबर एक कोट, या मार्क्सच्या सुप्रसिद्ध समीकरणापाशी थांबतात. समासात बारीक अक्षरांत ‘शिलाई धरली का?’ असे लिहिलेले असते. निळे बॉलपेन त्याच्या आधी चार पाने दमते. पिवळा हायलायटर सर्वांत अलीकडचा. तो प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदावरून इतक्या उत्साहाने फिरला आहे की मागच्या पानावर उतरला आहे, आणि तिथून पुढे सगळा ग्रंथ कोरा आहे. नव्या वाचकापाशी हिरवा पेन असतो.

पंधरा दिवसांनी पुस्तक परत करायचे असते.

‘‘झालं का वाचून?’’

‘‘मुदत वाढवून हवी होती, काका.’’

काका शिक्का मारतात. ‘‘ठेवा हो खुशाल, मागणी नाही. फक्त तेवढी वर्गणी भरा, जूनपासून राहिलीय.’’